वावरातले चार पांढरे दगड

चुना मी नेला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाई स्वतःचं झाकून भावाचं उघडं करतेय असं कोणी म्हणायला नको. डब्यात भिजवलेला चुना, त्यात जुना ब्रश, वर बांधलेली प्लास्टिकची पिशवी. गाडीच्या डिकीत मीच ठेवला, आणि वाटेत सांडू नये म्हणून दोनदा गाडी थांबवून पाहिला.

मी स्नेहलता. खामगावला मोजणीच्या ऑफिसात कारकून आहे. शेताच्या हद्दीवरून भांडण झालं की लोक जिथं अर्ज टाकतात ते ऑफिस. चोवीस वर्षं त्या खिडकीत बसून मी वीतभर धुऱ्यासाठी, म्हणजे बांधासाठी, भाऊ भावावर उठताना पाहिलाय. बहिणीनं वाटा मागितला की सगळं घर तिच्यावर कसं उठतं तेही पाहिलंय. संध्याकाळी घरी आले की सुधाकरला, म्हणजे आमच्या यांना, रोज एक नवा किस्सा. सुधाकर शाळेत गणित शिकवतो. तो पेपरामागून नुसतं हं म्हणतो.

एप्रिलच्या शेवटी माझा सोहम पुण्याहून आला, सोबत रेवती नावाची मुलगी. लगेच भलते अर्थ काढू नका, रेवती व्हिडिओ बनवते. सोहमचा एक रॉक बँड आहे, नाव बॅकलॉग, इंजिनिअरिंगच्या कृपेनं. त्यांचं पहिलं गाणं तयार झालं होतं आणि त्याचा व्हिडिओ करायचा होता. मी गाणं ऐकलं. पहिलं एक मिनिट मला वाटलं, स्वयंपाकघरात मिक्सरचं भांडं नीट बसलेलं नाही. मग सोहमचा आवाज आला. "माझं ऐका, माझं ऐका," असं घसा फाडून सतरा वेळा. मी म्हटलं, बाबा रे, ऐकतोय, हळू सांग.

पण पोरगं म्हणालं, "मम्मी, पुण्यात सगळ्यांचे व्हिडिओ त्याच गच्चीवर आणि त्याच बंद कारखान्यात होतात. मला आपल्या इकडे करायचाय. जागा दाखवशील?"

पाच वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्या मुलखाबद्दल काही विचारलं होतं. मी काय ऑफिसात शिक्के मारत बसणार होते? तीन दिवसांची रजा टाकली.

पहिल्या दिवशी जिनिंग पाहिल्या. कापसाचे ढीग पाहून रेवती वेडीच झाली, पण धुराचं मशीन आणि जनरेटर म्हटल्यावर जिनिंगवाल्यानं आम्हाला चहाही न पाजता फाटकाबाहेर काढलं. कापसाजवळ धूर, त्याचं बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी जलंबच्या रुळांकडे गेलो, तिथं परवानगीचं लफडं. मग एवढं ऊन खात धाडच्या बाजाराला. तिथं रेवतीनं कॅमेरा काढल्याबरोबर निम्मा बाजार कॅमेऱ्यात बघायला लागला, आणि एका बाईनं तिला बळंच वांगी विकली.

"काकू, मला मोकळं पाहिजे," रेवती परत येताना म्हणाली. "नुसती जमीन आणि आकाश. वायर नको, टॉवर नको, माणूस नको."

"मग आपल्या वावरात चला," मी म्हटलं.

आपल्या म्हणजे पिंपळगाव राजाला, माझ्या माहेरी. तिथलं वावर, म्हणजे शेत, माझा भाऊ वाहतो. उत्तमराव त्याचं नाव, मी दादा म्हणते. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. सातबाऱ्यावर वारस म्हणून आम्हा दोघांची नावं लागली, कायद्यानं लागतात तशी, पण वावर दादाचं आणि मी तिथली पाहुणी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. मी कॉलेजात असताना सायकलवर डबलसीट मला एसटीपर्यंत सोडायचा. माझ्या लग्नात बाबांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, आणि हा मांडवाच्या खांबाला धरून रडला होता. दर रविवारी सकाळी त्याचा फोन ठरलेला. काय खाल्लं, पाऊसपाणी कसं, सोहमचं कसं, बस. त्या फोनशिवाय माझा रविवार सुरूच व्हायचा नाही.

तिसऱ्या दिवशी निघताना मी दादाला फोन लावला. लागला नाही. तो आणि पुष्पावहिनी मलकापूरला लग्नाला गेले होते. घराला कुलूप असणार, म्हणून आम्ही सरळ वावरात गेलो. आपल्याच वावरात जायला विचारायचं काय, असं मी सोहमला ऐटीत म्हटल्याचं मला आठवतं.

कापसाची पऱ्हाटी उपटून झाली होती, नांगरट झाली होती. काळी ढेकळं, लांब डोंगराची एक रेघ, आणि मध्ये काही म्हणजे काही नाही. रेवतीनं धुऱ्यावर उभं राहून एकदा चारी बाजूंना पाहिलं. मग म्हणाली, "काकू, हीच."

पुढचं सगळं माझ्या हौसेनं झालं. सूर्य नेमका कुठं मावळतो ते कळावं म्हणून मी गावाच्या नकाशाची झेरॉक्स नेली होती, ती गाडीच्या बोनेटवर पसरली. ड्रमचा ओटा किती लांब, कॅमेरा फिरायला जागा किती, जनरेटर किती दूर ठेवायचा, हे सगळं मोजायला सोहमनं टेप काढली, आणि टेपचं एक टोक मी धरलं. वर रेवतीचा ड्रोन घूं घूं करत फिरत होता. जागा ठरली. पण नांगरलेल्या वावरात एक ढेकूळ दुसऱ्यासारखंच, शूटिंगच्या दिवशी ही नेमकी जागा सापडायची कशी? रेवती म्हणाली, बांबू रोवू. मी हसले. बांबू कोणीही उपटून नेईल. धुऱ्यावरचे चार मोठे दगड आणले, चार कोपऱ्यांत अर्धे पुरले, वर चुना मारला आणि बाण काढून एक, दोन, तीन, चार असे नंबर टाकले. आमचे मोजणीदार करतात अगदी तस्सं. चोवीस वर्षं नुसतं पाहत आले होते, स्वतः करायची पहिलीच वेळ. मला इतकी मजा आली होती.

दगड बसल्यावर आम्ही पुन्हा एकदा मोजून पाहत होतो, तेव्हा शेजारच्या वावरातला इंद्रभान धुऱ्यावर येऊन डोळ्यांवर हात धरून पाहत होता. मी टेपचं टोक धरल्या हातानंच त्याला हात केला. त्यानं केला नाही. मला वाटलं, उन्हात दिसलं नसेल.

त्या रविवारी दादाचा फोन आला नाही.

दहा वाजले, अकरा वाजले. मी लावला तर नुसती रिंग. वहिनीला लावला तर तिनं कट केला. लग्नघरी असतील अजून, मी स्वतःला सांगितलं. सोमवारी पुन्हा तेच. बुधवारी मला काळजी लागली, कोणाला काही झालं तर नाही? शूटिंग शनिवारी ठरलेलं, बँडची बाकीची पोरं यायची होती, आणि मला दादाला सगळं सांगून चकित करायचं होतं. सुधाकर म्हणाला, जाऊन ये एकदा. मी निघणारच होते, तेवढ्यात गुरुवारी दुपारी दादाचाच फोन.

"घरीच हायेस का? आमी येऊन राह्यलो."

एवढंच. पण मला आवाज ऐकूनच बरं वाटलं. ऑफिसातून अर्धी रजा काढली, येताना आंबे आणले, रस केला.

दादा आला, वहिनी आली, आणि त्यांच्या मागून इंद्रभान जिना चढला. इंद्रभान कशाला, हे मला कळलं नाही. वहिनीनं आल्या आल्या पिशवीतून साडी काढली. जांभळी, चांगली जाड काठाची. मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, नारळ आणि साडी ओटीत घातली. मी म्हटलं, "अवं वहिनी, आज काऊन? सण ना वार."

"सण कायले पाह्यजे," ती म्हणाली. "नणंद हाये आमची."

मी लाजले, हो. पन्नाशीतली बाई मी, साडी मांडीवर घेऊन लाजले. मग दादानं शर्टाच्या आतून एक प्लास्टिकचं फोल्डर काढलं, त्यातून स्टॅम्पपेपर काढला आणि माझ्यासमोर टीपॉयवर ठेवला. वाचायला मला चष्मा लागला नाही. असे कागद मी रोज पाहते. हक्कसोडपत्र. वडिलार्जित जमिनीतला माझा हक्क मी राजीखुशीनं भावाच्या नावे सोडते. खाली एका साक्षीदाराची सही झालेली. इंद्रभानची.

"बाई," दादा म्हणाला, "तुमी मोजनी आनली. नकाशा आनला, सरकारी मानसं आनले, थे उडतं यंत्र फिरोलं. धुऱ्यावर दगड गाडले. आमाले एक शबद सांगतला असता तं काय झालं असतं?"

तुमी. माझा भाऊ मला तुमी म्हणाला. साहेबासमोर बोलतात तसा, नजर खाली ठेवून. कागद मला नंतर लागला, आधी तो एक शब्द लागला. जन्मल्यापासून त्यानं मला तू सोडून काही म्हटलेलं नव्हतं.

मग मला सगळं लक्षात आलं. चुना, नंबर, टेप, नकाशा. बहीण मोजणीच्या ऑफिसात नोकरीला, आणि भाऊ गावात नसताना ती माणसं घेऊन वावर मोजते. गावात याचा दुसरा कुठला अर्थ निघणार होता? मीही खिडकीत बसून हाच काढला असता. मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

"दादा, थे मोजनी नोयती रे," मी म्हटलं. "गान्याचं शूटिंग हाये. सोहमच्या."

कोणाला काही कळेना. सोहम आतून लॅपटॉप घेऊन आला, रेवती त्याच्या मागं. तिनं त्या दिवशीचं चित्रण लावलं, वर ते गाणं. आकाशातून काळं वावर, चार पांढरे ठिपके, मध्ये पदर खोचून टेप धरलेली मी, इंद्रभानला हात करते आहे, आणि मागून सोहम ओरडतोय, माझं ऐका, माझं ऐका. दादा पुढं वाकला. "हे तं तू हायेस व," तो म्हणाला. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं सोहमची मान धरून त्याला जवळ ओढलं. डोळे पुसले.

"पाच दिवस अन्न गोड लागलं नाई मले, स्नेहल," तो म्हणाला. "या इंद्रभाननं सांगतलं, बहिनीनं वावर मोजलं. पायाखालची जमीनच गेली माह्या."

इंद्रभानला सगळ्यांनी मिळून शिव्या दिल्या. त्यानंही खाली मान घालून खाल्ल्या. मी रस वाढला. दादानं तीन वाट्या घेतल्या. शूटिंगला जनरेटर कोणाचा आणायचा, कोणाकडे चांगला आहे, यावर तो सोहमशी बोलायला लागला. रेवतीला त्यानं पोरी म्हणून हाक मारली. मला इतकं हलकं वाटत होतं की मी पुऱ्या तळायला उठले.

वहिनीनं रसाचे हात पुसले.

"बरं झालं बाई, मनातलं निघालं," ती म्हणाली. "आता कागद तं तयारच हाये. आलोच हाओ तं सही करूनच टाका."

उरलेली पोळी संपवून टाका म्हणावं, तितक्या साधेपणानं म्हणाली. मी कढईजवळ होते, झारा हातात. मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मी बाहेर येऊन दादाकडे पाहिलं. तो आता वहिनीला झापणार, गप बस म्हणणार, याची मला इतकी खात्री होती की मी त्याच्या तोंडाकडे पाहत उभीच राहिले. तो वाटीतला शेवटचा रस बोटानं पुसत होता.

"दादा?"

"तुले काय फरक पडते व?" तो वाटीकडेच पाहत म्हणाला. "नोकरी हाये, पक्कं घर हाये, पोरगं पुन्याले. आज नाई मोजलं, उद्या मोजशीन. तुह्या मनात नाई तं सोहमच्या मनात येईन. मंग माह्या पोरांनी काय करावं?"

कोणी थोबाडीत मारावी तसं झालं मला. म्हणजे शूटिंग कळल्यावरही काही बदललं नव्हतं. मघाशी आम्ही जे हसलो ते काय होतं मग?

"मी हक्क मांगतला का कधी तुले?"

"थेच तं म्हनतो मी. मांगायचाच नाई तं सोडाले काय होते?"

  सुधाकरनं पेपर खाली ठेवला होता. सोहम लॅपटॉप छातीशी धरून उभा होता. तळणीतून जळका वास यायला लागला, रेवतीनंच आत जाऊन गॅस बंद केला.

"दादा, या अकरा वर्षांत तू कवाही कागद आनला असता, तं कणकीच्या हातानं सही केली असती मी," मी म्हटलं. "वाचलासुद्धा नसता."

"मंग आता कर ना."

"आता नाई."

"काऊन?"

"पाच दिवस तू मले चोर समजला. मले एक फोन नाई केला, का काय व स्नेहल, कायले मोजलं. तुले कागद करून आनता आला, साक्षीदार आनता आला, साडी घेता आली. फक्त फोन नाई करता आला?"

माझा आवाज चढला होता. शेजारच्या गॅलरीत कोणीतरी येऊन उभं राहिलं तरी मला फिकीर नव्हती. मला वाटत होतं की तो आता तरी काही बोलेल. राहू दे म्हणेल. चुकलं म्हणायचीही गरज नव्हती, नुसतं राहू दे म्हटलं असतं तर मी तिथंच, उभ्या उभ्या सही केली असती. देवाशपथ केली असती.

दादानं कागद घडी करून फोल्डरमध्ये घातला आणि उठला.

वहिनीही उठली. जाताना तिनं सोफ्यावर ठेवलेली जांभळी साडी उचलली, नीट घडी केली आणि पिशवीत परत टाकली. दादासमोर. ओटीत घातलेली साडी कोणी परत नेल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं, या मुलखात तर नाहीच. मी दादाकडे पाहत होते. त्यानं पाहिलं, आणि चपला घालायला वाकला. तेव्हा मला रडू फुटलं, जमिनीसाठी नाही, त्या वाकण्यासाठी.

जिन्यात इंद्रभान मागे रेंगाळला. "बाई, म्या फक्त पाह्यलं थे सांगतलं," तो म्हणाला. त्याच्यावर मी तरी काय चिडणार?

ते गेले. सुधाकरनं सगळ्यांच्या वाट्या उचलून मोरीत नेल्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, वाट्या उचलताना त्याला मी पहिल्यांदाच पाहिलं. मग सोहम हळूच म्हणाला, "मम्मी, आपण दुसरी जागा बघू. जिनिंगवाल्याला परत विचारतो. धूर काढून टाकू."

"हो काकू," रेवती म्हणाली. "काहीतरी जमवू."

मी तोंड धुऊन आले. रेवतीला म्हटलं, "खरं सांग. तुला जागा तीच पाहिजे की नाही?"

तिनं सोहमकडे पाहिलं. "तीच पाहिजे," ती म्हणाली. "पण जमीनमालकाची लेखी परवानगी लागते. मामांची घेणार होतो."

"फॉर्म आण."

तिनं आणला. मी टीपॉयवर, मघाशी दादाचा कागद होता तिथंच, तो ठेवला. गावाचं नाव लिहिलं. गट नंबर लिहिला, तो पाठच होता. जमीनमालक या रकान्याशी माझा हात थांबला. माझं नाव मी आयुष्यात हजारो कागदांवर लिहिलंय, अर्ज तपासला म्हणून, प्रत दिली म्हणून. मालक म्हणून कधी लिहिलं नव्हतं. लिहिलं. सही केली, तारीख टाकली. सुधाकर मागे उभा राहून पाहत होता. 

"शनिवारी किती जण?" मी विचारलं.

"चौदा," सोहम म्हणाला. "जेवणाचं मी मामींना..." एवढं बोलून तो थांबला.

शनिवारी चार वाजता उठून मी चौदा माणसांच्या पोळ्या लाटल्या. वांग्याची भाजी, ठेचा, कांदे. दोन मोठे कॅन पाण्यानं भरून सुधाकरनं डिकीत ठेवले. गावात शिरताना आमच्या घराचं दार उघडं होतं आणि ओट्यावर दादाच्या चपला होत्या. सोहमनं गाडी हळू केली. मी म्हटलं, चल पुढं. वावराच्या धुऱ्यावर निंबाच्या सावलीत मी सतरंजी टाकली आणि डबे उघडून ठेवले. पिंपळगावला जाताना जन्मात पहिल्यांदा मी घरून डबा नेला होता.